बाराची सावली

लेकीकडे प्रागला गेले, त्या पहिल्याच आठवड्यात नातवाने मला एक रेघ दाखवली. जुन्या शहराच्या भल्यामोठ्या चौकात, फरसबंदीत बसवलेली पितळी पट्टी. भोवती ही गर्दी. कोणी फोटो काढतंय, कोणी पोरांसाठी साबणाचे फुगे सोडतंय, आणि येणारीजाणारी माणसं त्या पट्टीवर पाय देऊन चाललेली. नातू म्हणाला, "आजी, हे बघ. हे तुझ्या कामाचं आहे." तो तिथल्या शाळेत तिसरीत आहे. पट्टीवरचा चेक मजकूर त्याने बोट ठेवून वाचला आणि मला मराठीत सांगितला: ज्या रेखावृत्तावरून पूर्वी प्रागची वेळ ठरवत, ते हे.

मी तिथेच खाली बसले. गुडघे दुखतात, तरी बसले.

एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला, वाईजवळच्या एका शाळेत. दर वर्षी सातवीच्या वर्गाला घेऊन मैदानात जायचं, बांबूची सरळ काठी ओळंबा लावून रोवायची, आणि तिच्या सावलीच्या टोकाला दर पाच मिनिटांनी चुन्याची खूण करायची. सावली सगळ्यांत आखूड होईल तेव्हा आपल्या गावात खरे बारा. आपल्या जुन्या ज्योतिषात त्या काठीला शंकू म्हणतात. मुलं हातातल्या घड्याळाकडे बघायची आणि गोंधळायची, कारण घड्याळात बारा कधीच नसायचे. नोव्हेंबरात बारा अठरा, फेब्रुवारीत बारा अठ्ठेचाळीस. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचं, म्हणजे पार मिर्झापूरकडचं, आणि आपण राहतो चौऱ्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं. "म्हणजे बाई, आपण रोज दुसऱ्याच्या वेळेने जेवतो?" असं एका मुलाने विचारलं होतं. मला ते अजून आठवतं.

तर रेघ सापडली. पण रेघेला काठी लागते. काठी कुठे आहे म्हणून मान वर केली, आणि तो खांब दिसला.

दगडी चौथरा, त्यावर उंच सडपातळ खांब, आणि टोकाला मेरी, येशूची आई. डोक्यामागे सोन्याचं तेजोवलय. सगळं मिळून साधारण सोळा मीटर. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार देवदूत, आणि प्रत्येकाच्या पायाशी लोळवलेला एक सैतान. दगड नवा, फिकट रंगाचा. भोवतालच्या घरांवर, चर्चच्या बुरुजांवर काळाची काजळी आहे, ती याच्यावर नाही. मी विचारलं, "हा नवीन आहे का रे?" नातू म्हणाला, "नवीन आहे, पण जुना आहे."

त्याच्या त्या उत्तराचा अर्थ लावण्यात माझा तिथला मुक्काम गेला.

मूळ खांब उभा राहिला १६५० साली. त्याच्या दोनच वर्षं आधी तीस वर्षांचं युद्ध संपलं होतं. हे युद्ध सुरू झालं प्रागमध्ये, १६१८ साली, प्रॉटेस्टंट सरदारांनी बादशहाच्या कारभाऱ्यांना किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकलं तेव्हा. आणि त्याची शेवटची लढाईही झाली प्रागमध्येच. जुलै १६४८ मध्ये स्वीडनचं सैन्य रात्री फितुरीने आत शिरलं आणि व्लतावा नदीच्या डाव्या काठावरचा सगळा भाग, किल्ल्यासकट, त्यांच्या हाती गेला. तिथल्या राजसंग्रहातली चित्रं, पुतळे, ग्रंथ त्यांनी गाड्या भरभरून नेले. पण नदीच्या उजव्या काठावरचं जुनं शहर त्यांना घेता आलं नाही. मधे होता चार्ल्स पूल. पुलाच्या या टोकाला उभे राहिले शहरातले कारागीर, दुकानदार आणि विद्यापीठातले विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या पथकाचा पुढारी एक जेझुइट पाद्री होता, यिर्शी प्लाखी. तीन महिने त्यांनी पूल सोडला नाही. मग वेस्टफालियाच्या तहाची बातमी आली आणि तोफा थांबल्या.

पुढे बादशहा तिसरा फर्डिनांड याच्या काळात, वाचलेल्या शहराच्या कृतज्ञतेपोटी, मुख्य चौकात मेरीचा खांब उभा राहिला. शिल्पकार यान यिर्शी बेंडल. चौथऱ्याच्या पोटात मेरीचं एक जुनं चित्रही ठेवलं होतं, त्याच्यापुढे लोक गुडघे टेकत. अशा खांबांची तेव्हा रीतच पडली होती. रोममध्ये १६१४ साली, म्युनिकमध्ये १६३८ साली, मग व्हिएन्नात, आणि लगोलग इथे.

मला हे समजायला कष्ट पडले नाहीत, कारण आपल्याकडे याला सरळ शब्द आहे. नवस. जेजुरीचा गड चढताना दोन्ही बाजूंना ज्या दीपमाळा दिसतात, त्या भाविकांनीच बांधलेल्या. कोणाचं पोर वाचलं, कोणाचा नवरा लढाईतून परत आला, कोणाची कूस उजवली. मी चार वर्षांची असताना विषमज्वरातून उठले, तेव्हा माझ्या आईने मांढरदेवीला बोललेला नवस अनवाणी चढून फेडला होता. त्यामुळे परक्या देशातल्या त्या खांबाकडे पाहून मी पहिल्या दिवशी मनोभावे हात जोडले. संकटातून सुटलेल्या शहराने आईला म्हटलेलं ते 'उपकार झाले' आहे, इतकंच मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी नातवाने मला खांबापासून थोडं पलीकडे नेलं, जुन्या नगरभवनाच्या भिंतीशी. या इमारतीच्या दुसऱ्या अंगाला ते प्रसिद्ध खगोलीय घड्याळ आहे, १४१० सालचं, आणि दर तासाला त्याच्यासमोर माणसांची झुंबड उडते. या अंगाला फारसं कोणी थांबत नाही. इथे फरसबंदीत पांढऱ्या दगडाचे क्रूस बसवलेले आहेत.

"मोज," नातू म्हणाला.

मी मोजले. सत्तावीस.

"आम्हाला शाळेत सांगितलंय. इथे सत्तावीस जणांना मारलं. एकाच सकाळी."

तारीख होती २१ जून १६२१. त्याच्या आदल्या वर्षी, ८ नोव्हेंबर १६२० रोजी, प्रागच्या वेशीबाहेर बिला होरा नावाच्या टेकाडावर, म्हणजे 'पांढऱ्या डोंगरा'वर, बोहेमियाच्या, म्हणजे या चेक मुलखाच्या, प्रॉटेस्टंट फौजेचा कॅथलिक बादशहाच्या फौजेने पराभव केला. लढाई दोन तासही चालली नाही. कॅथलिक फौजेत एक कार्मेलाइट साधू गळ्यात मेरीच्या कुटुंबाचं चित्र बांधून सैनिकांना चेतवत फिरत होता आणि मेरीच्या नावाच्या आरोळीनेच फौज चालून गेली, असं सांगतात. दोन तासांच्या त्या लढाईने पुढची तीनशे वर्षं या लोकांचं राज्य गेलं. आणि सात महिन्यांनी या चौकात मचाण उभारून बंडाच्या पुढाऱ्यांना मारलं. तीन मोठे सरदार, सात लहान सरदार, सतरा शहरवासी. पहाटे पाचला सुरू झालं ते चार तास चाललं. सगळे प्रॉटेस्टंटही नव्हते. एक कॅथलिक होता. एक शहाऐंशी वर्षांचा म्हातारा होता. एक संगीतकार होता. एक होता विद्यापीठाचा प्रमुख, वैद्य यान येसेनियस, ज्याने प्रागमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर शवविच्छेदन करून दाखवलं होतं. त्याची आधी जीभ कापली, मग डोकं. बारा जणांची मुंडकी पुलाच्या बुरुजावर लोखंडी पिंजऱ्यांत टांगली, ती दहा वर्षं तिथे होती.

येसेनियसचं मला जास्तच लागलं. या चौकाच्या कडेला टीनचं चर्च आहे, दोन उंच टोकदार बुरुजांचं. तिथे टायको ब्राहे पुरलेला आहे. दुर्बिणीच्या आधी नुसत्या डोळ्यांनी आकाश मोजणारा तो सगळ्यांत मोठा माणूस. त्याच्याच नोंदींवरून केपलरने ग्रहांचे पहिले दोन नियम काढले, याच शहरात. ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा मी किती वर्षं फळ्यावर काढल्या असतील. टायकोच्या दफनाच्या वेळी, १६०१ साली, चर्चमध्ये श्रद्धांजलीचं भाषण ज्याने केलं, तो हाच येसेनियस. भाषण केलं तिथून मचाण शंभर-दीडशे पावलांवर होतं. मी ते अंतर चालून पाहिलं.

आणि कोमेनियस. हे नाव आमच्या बी.एड.च्या पुस्तकात होतं. शिक्षणाच्या इतिहासाचा पेपर, त्यात दहा गुणांची टीप: 'कोमेनियसचे शैक्षणिक विचार'. आधी वस्तू दाखवा, मग शब्द सांगा. सोप्याकडून अवघडाकडे जा. मुलगी असो, गरीब असो, प्रत्येकाला शिकवा. १६५८ साली त्याने मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक केलं. मी ते पाठ करून लिहिलं, गुण मिळवले, आणि पुढे मैदानात काठी रोवताना आपण त्याचंच ऐकतोय हे डोक्यातही आलं नाही. हा माणूस कुठला, कसा जगला, ते पुस्तकात नव्हतं. तो इथला होता. यान अमोस कोमेन्स्की. यान हुस या जुन्या चेक धर्मसुधारकाच्या परंपरेतल्या 'बंधुसंघ' नावाच्या छोट्या पंथाचा धर्मोपदेशक. बिला होराच्या पराभवानंतर तो लपत राहिला, त्या दिवसांत बायको आणि दोन मुलं साथीत गेली, आणि १६२८ साली त्याने देश सोडला, कारण नव्या कायद्याने कॅथलिक व्हा नाहीतर चालते व्हा असं झालं होतं. पोलंड, इंग्लंड, स्वीडन, हंगेरी, शेवटी हॉलंड. पोलंडमधल्या आगीत आयुष्यभराची हस्तलिखितं जळाली. १६७० साली आम्स्टरडॅममध्ये वारला. परत आलाच नाही. आज या देशात शिक्षक दिन साजरा करतात तो त्याच्या जन्मदिवशी, २८ मार्चला.

त्याला परत येण्याची एकच आशा होती: स्वीडनचं सैन्य. जुलै १६४८ मध्ये जे चाल करून आले, तेच. त्या फौजेच्या आश्रयाला परागंदा झालेले बोहेमियन लोकही होते. म्हणजे पुलाच्या एका टोकाला आपलं शहर वाचवणारे विद्यार्थी, आणि दुसऱ्या टोकाकडून, तोफांच्या मागून, त्याच शहरात आपल्या घरी परतू पाहणारी माणसं. तह झाला तेव्हा स्वीडनने त्यांचा विषय सोडून दिला. कोमेनियसने स्वीडनच्या प्रधानाला कळवळून पत्र लिहिलं, काही उपयोग झाला नाही. मग त्याने आपल्या पंथाच्या नावाने एक मृत्युपत्र लिहिलं: मरणाच्या दारातली आई आपल्या लेकरांना काय काय ठेवून जाते, अशी ती मांडणी आहे. साल १६५०.

साल वाचलं आणि मी लेकीच्या स्वयंपाकघरात भाजी चिरत होते ती सुरी खाली ठेवली. १६५०. त्याच वर्षी एक आई चौकातल्या खांबावर चढत होती आणि दुसरी परमुलखात मृत्युपत्र लिहीत होती.

त्यानंतर चौकात गेले तेव्हा हात जोडले गेले नाहीत. चौथऱ्यावरच्या देवदूतांकडे मी नीट पाहिलं. पायाखालचे ते सैतान कोण? म्युनिकच्या खांबावर तर ते स्पष्टच आहे: चार बाळवीर चार श्वापदांशी लढतात, युद्ध, रोगराई, दुष्काळ आणि चौथं पाखंड, साप. पहिल्या तिघांबद्दल कोणाचं दुमत नाही. चौथ्याचं काय? पाखंड म्हणजे कोमेनियस. पाखंड म्हणजे शाळेत मुलींनाही बसवा म्हणणारा, चित्र दाखवून शब्द शिकवणारा माझा गुरू. प्रागच्या देवदूतांनी कोणाला तुडवलंय हे दगडावर लिहिलेलं नाही, पण १६५० साली या चौकात येणाऱ्या माणसाला ते सांगावं लागत नसणार. खांबापासून सत्तावीस क्रूसांची जागा दिसते. एकोणतीस वर्षांपूर्वीचं मचाण पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती.

हे मी लेकीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आई, तू आता खांबावर राग धरू नकोस. पुलावर लढलेल्या पोरांनी काय कमी सोसलं?"

तिचं खरं होतं. ती पोरं बिला होराच्या वेळी जन्मलीही नव्हती. त्यांना दिसत होती ती पलीकडच्या काठावरची आग आणि लूट. शहर वाचलं, आणि त्यांनी ज्या आईला हाक मारली होती तिच्यापाशी ती गेली. माझी आई मांढरदेवीला गेली तसंच. माझी खात्री आहे की त्या चौथऱ्यापुढे गुडघे टेकणाऱ्या बाईच्या मनात कोणाचा पराभव नव्हता; पोर घरी आलं एवढंच होतं. पण खांब तिने बांधला नाही. खांब बांधतो तो राजा, आणि नवस लोकांचा असला तरी ग्वाही राजाच्या विजयाची देतो. दोन्ही गोष्टी एकाच दगडात घडवल्या गेल्या. छिन्नीने वेगळ्या करता येत नाहीत.

लोकांनी दोरखंडाने करून पाहिल्या. २८ ऑक्टोबर १९१८ रोजी ऑस्ट्रियाचं राज्य संपलं, चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. सहाव्या दिवशी, ३ नोव्हेंबरला, बिला होरावर सभा झाली. त्या लढाईचा स्मृतिदिन जवळ आलेला. सभेहून परतलेला जमाव आणि झिश्कोव या कामकरी वस्तीतले लोक चौकात जमले. पुढारी होता फ्रांता साउएर, त्याच वस्तीतला एक अवलिया लेखक. अग्निशामक दलाच्या लोकांनी दोर बांधले, ओढले, आणि दोनशे अडुसष्ट वर्षांचा खांब फरशीवर येऊन फुटला. मेरीचं दगडी मस्तक ओळखू येण्याजोगं उरलं. ते आज राष्ट्रीय संग्रहालयाच्या शिल्पसंग्रहात आहे.

ज्यांनी ओढला त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. तीनशे वर्षांचं ओझं दिसेल त्या रूपात खाली आणायचं होतं. मी मात्र नातवाच्या वयाच्या मुलाला ते बरोबर होतं असं सांगू शकणार नाही. बेंडलच्या हाताने घडवलेल्या दगडाने काही केलं नव्हतं. आणि पुलावरच्या पोरांचं 'उपकार झाले' तेही त्याच्यासोबत फुटलं, याचा विचार त्या संध्याकाळी कोणी केला नसावा.

तीन वर्षांपूर्वीच, १९१५ साली, याच चौकात यान हुसचं मोठं काळपट काशाचं स्मारक उभं राहिलं होतं. हुस म्हणजे प्रॉटेस्टंटांच्याही शंभर वर्षं आधीचा सुधारक, प्रागच्या लोकांच्या भाषेत प्रवचन देणारा, १४१५ साली जिवंत जाळलेला. पाचशेव्या वर्षी त्याचा पुतळा आला. त्यामुळे तीन वर्षं हुस आणि मेरी समोरासमोर होते. नंतर एकशेदोन वर्षं हुस एकटा.

आणि ती रेघ.

खांबाच्या सावलीवरून प्रागची दुपार ठरवत, म्हणून ते रेखावृत्त खांबाला धरूनच आखलेलं. पितळी पट्टी फरसबंदीत बसवली, तेव्हा खांब पडून कित्येक दशकं झाली होती. म्हणजे वर्षानुवर्षं या चौकात सावलीविना बाराची रेघ होती. रोज दुपारी सूर्य बरोबर जागेवर यायचा, रेघ खाली तयार, आणि मधे काही नाही. याचं मला किती वाईट वाटलं ते सांगता येत नाही. सुट्टीत रिकाम्या मैदानावर राहिलेल्या चुन्याच्या खुणा पाहिल्यासारखं झालं. शेजारीच फरशीत एक दगडी पाटीही होती, इथे मेरीचा खांब होता आणि पुन्हा उभा राहील असं सांगणारी. त्यातले 'पुन्हा उभा राहील' एवढे शब्द नंतर कोणी तरी टाकीने ठोकून काढले. वाद किती खोल होता ते त्या टवक्यांवरून कळतं.

राज्यकर्ते पुन्हा बदलले. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर १९९० मध्ये खांब परत उभारण्यासाठी लोकांनी संस्था काढली. शिल्पकार पेत्र वान्याने वर्षानुवर्षं खपून प्रतिकृती घडवली, परवानगी मिळेल की नाही याचा भरवसा नसताना. महापालिकेने कधी हो म्हटलं, कधी नाही. प्रॉटेस्टंटांमधल्या अनेकांचा विरोध होता, इतिहासकारांत दोन तट होते, आणि या देशात निम्म्याहून जास्त लोक स्वतःला कुठल्याच धर्माचे म्हणवत नाहीत, त्यांनाही हे मुख्य चौकात कशाला असं वाटत होतं. अखेर जानेवारी २०२० मध्ये मंजुरी मिळाली. त्या जूनमध्ये, साथीच्या काळात, चौक पर्यटकांविना रिकामा असताना मेरी वर चढली.

मला कोणी विचारलं असतं तर? मी परकी, चार महिन्यांची पाहुणी. पण शिक्षकाला मत असतंच. मी म्हटलं असतं की उभारा, पण आधी मुलांना क्रूस मोजायला लावा. नातवाच्या शाळेने त्याच क्रमाने केलं होतं, आणि त्यानेही मला त्याच क्रमाने... नाही, मला त्याने आधी रेघ दाखवली. आजीची आवड त्याला ठाऊक आहे.

तेव्हा ठरवलं की सावली बघायची ती २१ जूनला. वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस, आणि त्या सत्तावीस जणांचाही दिवस. रात्री मी नातवाला घेऊन जेवणाच्या टेबलावर हिशोब मांडला. प्रागचं रेखावृत्त १४ अंश २५ मिनिटं. इथलं घड्याळ १५ अंशाचं. फरक कोनाच्या ३५ मिनिटांचा, म्हणजे वेळेत दोन मिनिटं वीस सेकंद. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं, तो एक तास. आणि जूनच्या अखेरीला सूर्य स्वतःच पावणेदोन मिनिटं उशिरा येतो. बेरीज केली: एक वाजून चार मिनिटं. मग सावलीची लांबी. प्राग पन्नास अंशांवर. त्या दिवशी दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण सव्वात्रेसष्ट अंशांवर. सोळा मीटरच्या खांबाची सावली आठ मीटर. हिवाळ्यात, २१ डिसेंबरला, तीच चोपन्न मीटर होईल.

"आणि सगळ्यांत लहान? शून्य कधी?" त्याने विचारलं. गावी आला होता तेव्हा मी त्याला शून्य सावलीचा दिवस दाखवला होता. मे महिन्याच्या मध्याला आमच्याकडे सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि भर उन्हात काठीची सावली तिच्या पायात गडप होते. डबा, बाटली, स्वतः आपण, कोणालाच सावली नसते. त्याला ते जादूसारखं वाटलं होतं.

"इथे शून्य कधीच होत नाही," मी म्हटलं. "कर्कवृत्ताच्या उत्तरेला कुठेच होत नाही. इथल्या खांबाला बाराही महिने दुपारी सावली असणार. उद्या आहे ती सगळ्यांत लहान."

सकाळी आभाळ होतं. मी दहादा खिडकीशी गेले. अकराला फटी पडल्या, बाराला लख्ख झालं. निघताना मी लेकीच्या कुंडीतली झेंडूची फुलं खुडून पिशवीत टाकली. आम्ही साडेबारालाच चौकात पोचलो. नातवाच्या खिशात खडू होता, पण फरशीवर लिहायचं नाही असं त्यानेच मला बजावलं, म्हणून आम्ही सावलीच्या टोकाशी त्याचा बूट ठेवला. तो एका पायावर उभा. दर पाच मिनिटांनी बूट सरकवायचा. सावली पट्टीच्या पश्चिमेकडून तिच्याकडे येत होती, इतकी सावकाश की बघत राहिलं तर हलत नाही आणि नजर काढली की हललेली असते. एक म्हातारी चेक बाई काठी टेकत आली, खांबापुढे थांबली, छातीवर क्रूस काढला, ओठांत काही पुटपुटली. जाताना नातवाचा बूट पाहून थबकली आणि त्याला काहीतरी विचारलं. त्याने पट्टीकडे बोट दाखवून उत्तर दिलं. ती हसली, आणि थांबली. आम्ही तिघं.

एक वाजता चौकातली गर्दी घड्याळाकडे पळाली. तिथल्या खिडक्या उघडल्या, येशूच्या बारा प्रेषितांचे पुतळे फिरून गेले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे अजून चार मिनिटं होती.

एक वाजून दोन. सावलीची कड पट्टीला लागली. नातू श्वास रोखून. एक वाजून तीन. चार. खांबाची बारीक सावली, तिच्या टोकाला मेरीच्या तेजोवलयाचा पुसटसा गोल, पट्टीशी बरोबर एका रेषेत आली.

"दोब्रे पोलेद्ने," म्हातारी बाई म्हणाली. नातवाने सांगितलं, "आजी, त्या म्हणतायत, शुभ दुपार." तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि निघाली. तिच्याकडे वळून बघताना लक्षात आलं की ती थेट घराकडे गेली नाही. नगरभवनाच्या भिंतीशी, पांढऱ्या क्रूसांपाशी जाऊन उभी राहिली. तिथे कोणीतरी आधीच काही फुलं ठेवली होती. ती वाकू शकत नव्हती. नुसतीच मान खाली घालून उभी राहिली.

नातवाने बूट घातला. "चल," म्हणाला, "आपली पण ठेवू."

मी पिशवीतून झेंडू काढला. आम्ही सावली ओलांडून तिच्याकडे निघालो.